लुगडं मागायला आलेली दंडार

सांगलीत आम्हा चार मैत्रिणींचं दर शनिवारचं एक भांडण ठरलेलं आहे. विषय एकच, गाण्यांवर चालणारं नाटक मोठं की गाण्यांवर चालणारा सिनेमा? लीलाला पडदा हवा. पडद्यावर नायिका जिना उतरता उतरता गाते आणि शेवटच्या पायरीला कडवं बरोबर संपतं, हे तिला फार नेटकं वाटतं. मला नेमकं तेच खटकतं. मी रंगमंचाच्या बाजूची. धुपाचा वास, ऑर्गनचा पहिला सूर, आणि मरायला टेकलेला नायक श्रोत्यांनी ‘वन्स मोअर’ दिला म्हणून उठून बसतो, तेच पद पुन्हा म्हणतो आणि मग सावकाश मरतो, यात मला काहीही वावगं वाटत नाही. माझी सगळी नोकरी टेलिफोनच्या कचेरीत लोकांचं बोलणं जोडून देण्यात गेली. त्यामुळे असेल, माणसं बोलता बोलता गाऊ लागली की मला बरं वाटतं.

त्याच कचेरीत पुष्पा पराते माझ्या शेजारच्या खुर्चीवर असायची. भंडारा जिल्ह्यातून बदलीवर आलेली, निवृत्त झाल्यावर परत आपल्या मुलखात, लाखनीला गेलेली. एकदा फोनवर मी तिला या भांडणाचा ताजा वृत्तांत दिला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ताई, तुमच्या नाटकात सारे पडद्याच्या मांगून येतेत, गातेत, अन् पडद्याच्या मांगं जातेत. आमच्या दंडारीत पडदाच नाही. सारे समोर उभे. राजा कोन, बाई कोन, सारं डोळ्यादेखत. एकदा मंडईले या, मंग बोला.”

मंडई म्हणजे भाजीमंडई नव्हे, हे मला तिनंच समजावलं. दिवाळी झाली की त्या भागात गावोगाव पाळीपाळीनं एकेक दिवस जत्रा भरते. लेकी, जावई, सोयरेधायरे सगळे त्या दिवशी त्या गावात गोळा होतात. भर दिवसा दंडार उभी राहते, म्हणजे ढोलकी, डफ आणि टाळांच्या साथीनं पुरुषांचं गाणं, नाच आणि गोष्ट. आणि त्याच गर्दीत लग्नाच्या मुलामुलींना पाहून घेतलं जातं. मला यातलं फक्त पहिलं पाहायचं होतं. दुसरंही पाहायला मिळणार आहे, हे पुष्पानं फोनवर सांगितलं नाही.

लाखनी

वैनगंगेचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना धान दिसू लागतं. हलकं, लवकर पिकणारं धान कापून झालं होतं, भारी धान अजून उभं होतं. बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, कडेला कापलेल्या धानाचे ढीग रचून ठेवलेले होते. आमच्याकडचा ऊस माणसाच्या डोक्यावरून जातो आणि पलीकडचं काही दिसू देत नाही. इथे नजर थेट तळ्यापर्यंत जाते आणि तळं संपलं की झाडीला लागते. या मुलखाला झाडीपट्टी का म्हणतात, हे विचारायची गरज पडली नाही.

लाखनी हे हमरस्त्यावरचं गाव. गाव रस्त्याला लागून आहे की रस्ता गावातून जातो, हे ठरवायला ट्रक थांबायला हवेत, आणि ते थांबत नाहीत. पुष्पाच्या घरात बोलताना दर दोन वाक्यांमागे एक ट्रक जातो, त्या वेळी सगळे तोंड मिटून बसतात आणि ट्रक गेला की वाक्य जिथे तुटलं तिथून पुढे सुरू करतात. मला या सवयीचं कौतुक वाटलं. जेवायला भात, तळ्यातल्या माशांचा झणझणीत रस्सा आणि अंबाडीची भाजी होती. पोळी मागितली तेव्हा पुष्पा म्हणाली, “ताई, इकडं पोळी सणाले. भात खा.” मी भात खाल्ला, मग आणखी भात खाल्ला.

संध्याकाळी ती मला रस्त्यावरच्या एका टायरच्या दुकानात घेऊन गेली. तिथे तिचा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा विलास, लोखंडी पहार लावून ट्रकचं टायर रिंगवरून सोडवत होता. तिशीला आलेला, उंच, खांदे भरलेले, हात कोपरापर्यंत काळे. मला पाहून त्यानं त्या काळ्या हातांनीच नमस्कार केला.

“हाच आमच्या दंडारीतली बाई,” पुष्पा म्हणाली.

मी त्याच्याकडे पाहिलं आणि मग टायरकडे पाहिलं. विलास हसला. “आता नाही जी, आत्या,” तो म्हणाला. “यंदा बंद.”

घरी परतताना पुष्पानं ते ‘बंद’ उलगडून सांगितलं. विलासचं लग्न जमत नव्हतं. दोन ठिकाणी बोलणी झाली होती आणि दोन्ही ठिकाणी कुणीतरी कानात सांगितलं होतं, की पोरगा लुगडं नेसून नाचतो. एका बापानं तर स्पष्टच म्हटलं, नाचणाऱ्याच्या घरी मुलगी द्यायची नाही. आता पवनीकडून तिसरं स्थळ आलं होतं आणि ते पाहुणे नेमके मंडईच्या दिवशी येणार होते. विलासच्या आईनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, यंदा पायात घुंगरू बांधायचं नाही.

“मग मी कशाला आले?” मी विचारलं.

“दंडार तं उभी राहीनच की,” पुष्पा म्हणाली. “दुसरा कोनी करीन बाई.”

एक ट्रक गेला. एवढ्या लांबून यावं आणि मुख्य भूमिकेत बदली नट असावा, हा अनुभव मला सांगलीतही आला आहे. तिथे निदान दाराशी पाटी लावतात.

अड्याळच्या पुढे

विलासचं गाव अड्याळच्या थोडं पुढे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अड्याळच्या बाजारात उतरलो. शिंगाड्यांचे काळे-हिरवे ढीग लागले होते. तळ्यातून काढलेले, उकडलेले, सोलताना बोटांना डाग पाडणारे. आणि ऊस! मंडईच्या दिवसांत इकडे ऊस कांडं-कांडं मोजून विकत घेतात आणि पाहुण्यांच्या हातात मानानं देतात. आमच्याकडे कुणी उसाला असं वागवत नाही. पुष्पानं दोन उंच ऊस माझ्या हातात दिले आणि मी, सांगली जिल्ह्याची रहिवासी, भंडारा जिल्ह्यात ऊस खांद्यावर टाकून ऑटोत बसले. लीलाला हे सांगितलेलं नाही.

वाटेत पुष्पा म्हणाली, गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिचे अर्धे सोयरे साकोलीपलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात गेले. कागदपत्रं काढायला आता वेगळ्या गावाला जावं लागतं. मंडईचे दिवस मात्र दोन्हीकडचे लोक अजून एकमेकांना विचारूनच ठरवतात, कारण ढोलकीवाले तेच आणि जावईही तेच.

विलासची आई सुशीलावहिनी दारातच उभ्या होत्या. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, डोळे सतत कामावर. घर विणकरांचं. पडवीतला माग थांबला त्याला बरीच वर्षं झाली, आता त्यावर धानाची पोती ठेवतात. पुष्पाचा भाऊ, विलासचे वडील, काही वर्षांपूर्वी गेले. त्या मागावर त्यांनी कोसाचं, म्हणजे टसर रेशमाचं, एक लुगडं विणलं होतं, लग्नात सुशीलावहिनींना नेसवायला. मला ते पाहायचं होतं. वहिनींनी पेटी उघडली आणि लुगडं नुसतं दाखवलं, हातात दिलं नाही. मधासारखा रंग, काठाला गर्द तांबडं. पण जवळून पाहिलं तर पाठीकडच्या भागावर फिकट डागांचे पट्टे होते.

“घामाचे हायेत,” वहिनी म्हणाल्या. “कोसा घाम सोडत नाही.”

“तुमच्या घामाचे?”

“माह्या कायचे? मी लग्नात नेसली, तेवढीच.”

मग पुष्पानं मला त्यांच्या दंडारीची रीत सांगितली. दंडारीतल्या बाईचं लुगडं विकत आणायचं नाही, भाड्यानंही नाही. ते त्या माणसाच्या घरच्या बाईनं आपल्या हातानं द्यायचं. लग्न होईपर्यंत आईनं, लग्न झालं की बायकोनं. घरच्या बाईची मर्जी नसेल तर नाचायचं नाही. मंडईच्या आदल्या दिवशी सगळी दंडार वाजतगाजत दारात येते आणि लुगडं मागते. विलास मिसरूड फुटायच्या वयापासून हेच लुगडं नेसून नाचत आला होता. आणि वहिनी स्वतः मंडईला सुती पातळ नेसून जात, कारण चांगलं लुगडं एकच होतं.

मला ही रीत पटली. आमच्या नाटकांत एके काळी पुरुषच स्त्रिया व्हायचे, त्यांच्या शालूंच्या कथा मी चवीनं ऐकल्या आहेत. पण तो शालू घरातून कोण देत असे, त्यावाचून घरात कोण काय नेसत असे, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

ऊन कलल्यावर दंडार आलीच. पुढे डोमाजी, दंडारीचे म्होरके. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, तोंडात दात थोडे पण आवाज खणखणीत. तरुणपणी तेच दंडारीतली बाई होते. मागे ढोलकी, डफ, टाळ. अंगणात येऊन त्यांनी एक कडवं म्हटलं आणि वाद्यं एकदम थांबली.

“सुशीलाबाई, लुगडं मांगाले आलो,” डोमाजी म्हणाले.

वहिनी जोत्यावर उभ्या होत्या. “यंदा नाही, बाबाजी.”

“पाहुने येऊन राह्यले, मालूम हाय मले.”

“मालूम हाय तं मंग काहून आले?”

“मांगाची रीत हाय, मांगतलं. नाही म्हनाची बी रीत हाय.” डोमाजींनी हात जोडले. “पोराचं बरं होवो.”

ना राग, ना आर्जव. ढोलकी पुन्हा वाजू लागली आणि मंडळी दुसऱ्या गल्लीत, ग्रामपंचायतीच्या शिपायाच्या, नामदेवच्या घरी गेली. त्याच्या बायकोनं हसत हसत नायलॉनची एक जांभळी साडी दिली, तिचं हसणं आम्हाला इथपर्यंत ऐकू आलं. विलास इतका वेळ परसात होता. हातांचा काळेपणा काढायला तो धानाचा कोंडा चोळत होता, घासून घासून कातडी लाल झाली होती. नखांच्या कडा मात्र काळ्याच राहिल्या.

मंडई

मंडईच्या दिवशी गावात माणसांचा पूर आला. शिंगाडे, ऊस, बांगड्या, पानाचे ठेले, फुगे, गरम जिलेबी. प्रत्येक घरात स्वयंपाक आणि प्रत्येक अंगणात अनोळखी चपला. रात्री बाहेरून मागवलेलं नाटकही होणार होतं, पहाटेपर्यंत चालणारं. मी ते पाहिलं नाही, मला झोप प्रिय आहे.

पवनीचे पाहुणे दुपारच्या आधीच आले. मुलीचे वडील, मुलीची आत्या आणि स्वतः मुलगी, रजनी. वडिलांचं पवनीत कापडाचं लहानसं दुकान. जाड मिशा, खांद्यावर स्वच्छ दुपट्टा, आणि सारखी दाराकडे जाणारी नजर. रजनी शिवणाचा क्लास चालवायची. ती बोलली कमी, पण घरात आल्या आल्या तिनं खिडकीच्या पडद्याची शिवण उलटून पाहिली, हे मी टिपलं.

विलास निळा कोरा शर्ट घालून बसला. पोहे झाले, चहा झाला. काम काय, शेती किती, घरात कोण कोण, असे प्रश्न झाले. वहिनींनी तोंडातून नाचाचं अक्षरही निघू दिलं नाही. पुष्पाला आणि मलाही तसंच बजावलं होतं. मी फक्त एकदा, “आमच्या सांगलीत संगीत नाटकाची फार...” एवढंच म्हणाले आणि वहिनींनी माझ्या बशीत आणखी पोहे वाढले.

पण गंमत अशी की मुलीच्या वडिलांचं या कशातच लक्ष नव्हतं. “दंडार कव्हा उभी होते?” त्यांनी विचारलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारणार तोच बाहेरून ढोलकी ऐकू आली आणि ते उठूनच उभे राहिले. “पोरगा पाह्यला, चांगला हाय. चाला आता, पुढं जागा मिळनार नाही.”

पाहुण्यांसाठी मैदानात अगदी पुढे बाजा टाकल्या होत्या. मी सवयीनं पुष्पाला विचारलं, “तिसरी घंटा कधी होते?” तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. घंटा नव्हती, पडदा नव्हता, मंच नव्हता. ऊन होतं, आणि समोरासमोर दोन रांगांत उभी राहिलेली फेटेवाली माणसं. मधून बाई चालत येते. तिचा नवरा कमाईला नागपूरला गेला आहे, धान कापायला आलं तरी परतलेला नाही. एवढीच गोष्ट. दोन्ही रांगा गाव होतात, झाडं होतात, तळ्याच्या लाटाही त्याच होतात, आणि सगळे शेवटपर्यंत उभेच.

नामदेव आला. माणूस भला असावा, पण त्याला साडी सांभाळायची की गाणं सांभाळायचं हे ठरवता येत नव्हतं. जांभळं नायलॉन सारखं घसरत होतं. त्यानं एका हातानं निऱ्या धरल्या आणि दुसऱ्या हातानं विरह केला. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. रजनी आपल्या आत्याला हळूच म्हणाली, “निऱ्या उलट्या घातल्या त्यानं.”

तिचे वडील मात्र चिडले. “हे काय दंडार हाय?” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. “मांगच्या साली मी तिकडं दुसऱ्या मंडईत ह्याच पार्टीची बाई पाह्यली. डोळ्यात पानी आनलं होतं त्या पोरानं. पोरीले घेऊन आलो, म्हटलं स्थळ बी पाहून होते अन् थे दंडार बी. कुठं गेला थो पोरगा?”

डोमाजींनी ऐकलं, पण ते टाळ वाजवत राहिले. पुष्पानं माझा हात घट्ट धरला. विलास बाजेच्या मागे पानांचं ताट घेऊन उभा होता, मान खाली. मी त्याच्या तोंडाकडे पाहायला वळले आणि माझी नजर त्याच्या पायांकडे गेली. त्याचा उजवा पाय ढोलकीबरोबर चालत होता. अंग तसंच ताठ, हातातलं ताट स्थिर, आणि पाय मात्र आपला आपण जिथल्या तिथे सगळी दंडार नाचत होता. त्याला ते कळत होतं असं मला वाटत नाही.

सुशीलावहिनीही त्या पायाकडेच पाहत होत्या. मग त्या उठल्या आणि गर्दीतून घराकडे निघून गेल्या. मला वाटलं, पाहुण्यांच्या बोलण्यानं त्या दुखावल्या. पुष्पालाही तसंच वाटलं, ती त्यांच्या मागे जायला निघाली. पण तेवढ्यात त्या परत आल्या, आणि त्यांच्या दोन्ही हातांवर ते मधाच्या रंगाचं लुगडं होतं. सगळ्या गावासमोर, पाहुण्यांच्या बाजेपुढून चालत त्या मुलापाशी गेल्या.

“घे,” त्या म्हणाल्या.

“माय, पाहुने हायेत.”

“मले दिसून राह्यले पाहुने. घे म्हनते ना.”

विलासनं ताट कुणाच्या तरी हातात दिलं. लुगडं घेताना तो आईच्या पाया पडला. ढोलकी थांबली. नामदेव इतक्या आनंदानं बाजूला झाला की लोक हसले. विलास तिथेच, सगळ्यांसमोर, निळ्या शर्टावरून लुगडं नेसला. पदर डोक्यावरून घेतला आणि वळला. खांदे तेच, उंची तीच, हनुवटीवर सकाळच्या दाढीची हिरवट झाक. पण तो चालू लागला तेव्हा डोक्यावर पाण्याची घागर होती. खरी घागर नव्हती, तरी मी ती हिंदकळताना पाहिली.

*बांधीतलं पानी आटून गेलं, धनी,*
*वाट मी पाहू कोनाची...*

आवाज गोड नव्हता. टायरच्या दुकानात ट्रकवाल्यांशी ओरडून कमावलेला आवाज होता तो. पण ‘कोनाची’ या शब्दावर त्यानं हात पुढे केला, नखांच्या काळ्या कडांसकट, आणि दोन्ही रांगांमधली माणसं एक पाऊल मागे सरली, तेव्हा मीही बाजेवर मागे सरकले. मी आवडीची पदं आयुष्यभर ऐकत आले आहे, दाद कुठे द्यायची हे मला कळतं. कडवं संपलं आणि मी चक्क ओरडले, “वन्स मोअर!”

सगळं मैदान माझ्याकडे पाहू लागलं. मुलीच्या वडिलांनी डोळे पुसत विचारलं, “काय पाह्यजे, ताई? पानी?”

“पुन्हा म्हणायला सांगते,” मी म्हणाले.

“पुन्हा कायले? थो पुढं जाईन ना आता.” त्यांना माझी कीव आली असावी.

विलास पुढे गेला. दंडार संपेपर्यंत मी तोंड उघडलं नाही. रजनी आता सुशीलावहिनींच्या शेजारी जाऊन बसली होती. विलासच्या पाठीवर लुगडं घामानं चिकटून काळपट झालं होतं.

“कोसा हाय ना?” तिनं विचारलं. “डाग पडते त्याले घामानं.”

“दरसाल पडते,” वहिनी म्हणाल्या.

“मंग तुमी कव्हा नेसता?”

वहिनी मुलाकडे पाहत होत्या.

संपल्यावर मुलीचे वडील उठले, आपल्या खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी विलासच्या खांद्यावर घातला. इकडे कलावंताला असा मान देतात. “डोळ्यात पानी आनलं पुन्हा,” ते म्हणाले. मग त्यांचा हात त्याच्या खांद्यावर तसाच राहिला आणि चेहरा हळूहळू बदलला. कलावंताचं कौतुक करून झालं होतं, आता समोर होणारा जावई होता, लुगडं नेसलेला. त्यांनी हात काढून घेतला. जेवण झालं, ऊस दिले, पान झालं, पण त्यांच्या बोलण्याला पहिल्यासारखा रंग चढला नाही. निघताना ते म्हणाले, “कळवतो.”

‘कळवतो’ या शब्दाचा अर्थ सांगलीत जो होतो तोच भंडाऱ्यातही होतो. त्यासाठी एवढा प्रवास करायला नको होता.

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी लुगडं पडवीत, सावलीला, त्या बंद मागावरच्या पोत्यांवर पसरून ठेवलं होतं. डागांचा नवा पट्टा जुन्याच्या शेजारी उमटला होता. विलास पहाटेच्या गाडीनं दुकानात गेला होता. मला काही विचारायचा हक्क नव्हता, पण मी विचारलं, “वाईट वाटतं का, वहिनी?”

“वाटते ना,” त्या म्हणाल्या. “काहून नाही वाटनार? पोराचं लग्न मोडलं माह्या हातानं.” मग त्या लुगड्याची सुरकुती हातानं सरळ करत राहिल्या. “पण थो पाय पाह्यला ना मी. असा चोरून नाचनारा पोरगा कोनाच्या पोरीले देऊ? उद्या तिले समजलं असतं तं तिनं मले इचारलं असतं, तुमी काहून नाही सांगतलं म्हनून.”

ऑटो आला. वहिनींनी मला दोन ऊस दिले आणि मी ते निमूटपणे घेतले.

सांगली

शनिवारी मैत्रिणींनी विचारलं, काय मग, नाटक की सिनेमा? मी ऊस कापून पुढे ठेवला आणि मंडईची हकीकत सांगितली. लीलाचा पहिला प्रश्न होता, “आणि त्या मुलाचं लग्न?” नाही जमलं, असं मी सांगितलं. मग कुणाला भांडायचा उत्साह राहिला नाही. मला न आवडणारी ती पडद्यावरची नायिका जिना उतरते तेव्हा निदान खाली कुणीतरी उभं असतं, असा विचार माझ्या मनात आला, आणि मला त्याचा रागही आला.

थंडी सरत आली तेव्हा पुष्पाचा फोन आला. सवयीनं मी आधी ट्रक जायची वाट पाहिली, पण या वेळी ट्रक गेला नाही.

“पवनीवरून फोन आला होता, ताई.”

“मुलीच्या वडिलांचा?”

“नाही. पोरीचा. वयनीलेच केला तिनं. बाप लय दिवस घुमसला म्हने घरात. पोरगी म्हनाली त्याले, बाबा, तुमी रडले तव्हा चाललं, अन् आता काय झालं? मंग बसला चूप.”

“आणि वहिनींना काय म्हणाली?”

“म्हनाली, येत्या मंडईले लुगडं मी देईन. सुतीच देईन, धुतलं तं डाग निघते. अन् म्हनाली, आई, तुमचं कोसाचं आता तुमी नेसा.”

“मग वहिनी काय म्हणाल्या?”

“काई नाही. फोन ठेवला, पेटी उघडली. नेसून आली अन् जोत्यावर बसली. मी इथंच हाव त्यायच्या घरी, थेच सांगाले फोन केला तुमाले.”

“कुठे निघाल्यात नेसून?”

“कुठीच नाही,” पुष्पा म्हणाली. “बसली हाय.”